‘मध्यम ज्ञाना’चा शेतकरी

कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत विस्तार शिक्षण विषयाच्या पदव्युत्तर प्रबंधांची कपाटे असतात. ती सवडीने चाळण्याचा योग ज्याला आला असेल, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. पीक कोणतेही असो, तालुका कोणताही असो, ‘शिफारस केलेल्या पीक व मृदा व्यवस्थापन पद्धतींविषयी शेतकऱ्यांचे ज्ञान’ अशा धाटणीच्या प्रबंधाचा निष्कर्ष बहुधा ठरलेला असतो. बहुसंख्य शेतकऱ्यांचे ज्ञान ‘मध्यम’ आढळले. थोड्यांचे ‘उच्च’, थोड्यांचे ‘निम्न’. सोयाबीनवाला मध्यम, कापूसवाला मध्यम, भातवालाही मध्यमच.

या चमत्काराचे रहस्य शेतात नसून गणितात आहे. शेतकऱ्याला वीस-पंचवीस प्रश्न विचारावयाचे, उत्तरांना गुण द्यावयाचे, सर्वांच्या गुणांची सरासरी काढावयाची आणि तिच्या वर व खाली प्रमाण विचलनाचे एकेक माप टाकून मधल्या पट्ट्याला ‘मध्यम’ म्हणावयाचे, अशी ही रूढ रीत आहे. गुणांचे वितरण नेहमीसारखे असेल, तर सुमारे ६८ टक्के माणसे या पट्ट्यात येणारच. आमच्या शिक्षक वाचकांनी आपल्या वर्गातील कोणत्याही चाचणीचे गुण घेऊन हा प्रयोग करून पाहावा. सगळा वर्ग हुशार असला तरी बहुसंख्य विद्यार्थी मध्यम ठरतील आणि सगळा वर्ग ढ असला तरीही मध्यमच ठरतील. उद्या राज्यातील प्रत्येक शेतकऱ्याने पंचविसांपैकी तेवीस-चोवीस उत्तरे बरोबर दिली, तरी प्रबंधाचा निष्कर्ष बदलण्याचे कारण नाही.

हा दोष एवढ्यावरच थांबता तर त्याची दखल वर्तमानपत्राने घेण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु अशा निष्कर्षाच्या पाठोपाठ एक उपाययोजना ठेवलेली असते. ज्ञान मध्यम आहे, म्हणून प्रशिक्षण वाढवावे, मेळावे भरवावेत, घडीपत्रिका वाटाव्यात. शासनाची धोरणेही वर्षानुवर्षे याच गृहीतावर उभी राहिली आहेत. शेतकरी शिफारस अमलात आणीत नाही याचे कारण त्याला ती माहीत नाही, हे ते गृहीत होय. ते किती टिकते, हे कधीतरी तपासून पाहिले पाहिजे.

असे तपासण्याचा एक प्रयत्न फार पूर्वी झाला होता. १८८९ साली भारतीय शेतीच्या सुधारणेचा विचार करण्यासाठी डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाला इंग्लंडातून पाठविण्यात आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्याने इंग्लंडातील समजुतीला धक्का देणारी गोष्ट लिहिली. हिंदी रयत मागासलेली आणि अडाणी आहे हे त्याने मानले नाही. उलट, पुष्कळ बाबतींत ती सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीची, काही बाबतींत सरसही आहे, असे त्याचे मत झाले. शेणाचे खत करण्याऐवजी गोवऱ्या थापून जाळतात, हे त्यालाही दिसलेच. परंतु त्यावर त्याने व्याख्यानांचा उतारा सांगितला नाही. जळणाला लाकूड मिळत नाही म्हणून शेण चुलीत जाते, तेव्हा सरपण आणि वैरण यांसाठी राखीव वने वाढवावीत, असे त्याने सुचविले. शेतकऱ्याला खताचे महत्त्व पटवीत बसण्यापेक्षा त्याची चूल कशी पेटते ते पाहा, एवढाच त्याचा अर्थ.

वाफसा आणि बरड

विद्यापीठांची कोणतीही मराठी पुस्तिका उघडली की ‘वाफसा आल्यावर पेरणी करावी’ हे वाक्य भेटते. वाफसा हा शब्द प्रयोगशाळेतून आलेला नाही. जमिनीत ओल आणि हवा यांचे प्रमाण बियाला मानवेल असे जमून आले आहे, पाय रुतत नाही आणि ढेकूळही कडक नाही, ही अवस्था शेतकऱ्याने हाताने ओळखली आणि तिला नाव दिले. चोपण, चिबड, बरड, मुरमाड, खारवट, पोयटा हे शब्दही त्याचेच. चिबड म्हणजे पाणी साचून राहणारी, चोपण म्हणजे सोडियमच्या आधिक्याने घट्ट झालेली आणि पाणी न मुरणारी जमीन. मृदाशास्त्राने या फरकांची कारणे शोधली, त्यांना आकडे दिले, उपाय सांगितले. हे काम मोठेच आहे. पण ज्याच्या शब्दांवाचून शास्त्राला आपली पुस्तिका लिहिता येत नाही, त्यालाच प्रश्नपत्रिका देऊन मध्यम ठरवावयाचे, यात थोडा विनोद आहे.

आता जमिनीच्या शिफारशीचा प्रत्यक्ष प्रवास पाहू. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृदा आरोग्य पत्रिकेची देशव्यापी योजना सुरू झाली. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म मूलद्रव्ये अशा बारा बाबींची तपासणी होऊन प्रत्येक खातेदाराच्या हाती पत्रिका यावयाची होती. कल्पना उत्तम होती. परंतु नमुना कसा घ्यावयाचा ठरले? बागायतीत अडीच हेक्टरांना एक आणि जिरायतीत दहा हेक्टरांना एक. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिती क्षेत्र १.३४ हेक्टर होते. म्हणजे जिरायत पट्ट्यात मातीचा एक नमुना सरासरीने सात शेतकऱ्यांच्या नावे लागावयाचा.

ज्याने मराठवाड्यातील वा विदर्भातील एखादे शिवार उभे-आडवे चालून पाहिले आहे, त्याला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. माथ्यावर बरड, उतरणीला मध्यम आणि ओढ्याकाठी दोन माणसे उभी गाडली तरी मुरूम न लागणारी काळी, हे सगळे दहा हेक्टरांत सहज सामावते. माथ्यावरच्या शेतकऱ्याच्या हाती ओढ्याकाठच्या मातीची पत्रिका पडली आणि त्याने ती खुंटीला टांगून ठेवली, तर अज्ञान कोणाचे? पुढे २०१९-२० मध्ये निवडक गावांत प्रत्येकाच्या शेतातून स्वतंत्र नमुना घेण्याचा प्रयोग करण्यात आला, यावरून पहिल्या रीतीची उणीव शासनालाही जाणवली असावी.

बरे, पत्रिका योग्य मातीची आहे असे धरून चालू. समजा तिच्यावर सोयाबीनसाठी हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश असे लिहिले आहे. सातबारा हेक्टर-आरमध्ये असला तरी शेतकऱ्याचा हिशेब एकरात आणि गुंठ्यांत चालतो. त्याला दुकानात ‘स्फुरद’ नावाची वस्तू मिळत नाही, पोते मिळते. तेव्हा साठाला अडीचने भागून एकरी २४ किलो काढावे, डीएपीच्या ५० किलोंच्या पोत्यात ४६ टक्के म्हणजे २३ किलो स्फुरद आणि १८ टक्के म्हणजे ९ किलो नत्र असते हे ध्यानी घ्यावे, उरलेले तीन किलो नत्र युरियातून आणि बारा किलो पालाश वीस किलो पोटॅशमधून द्यावे, इतके गणित त्याने मृगाच्या तोंडावर करावयाचे. हे काम तालुक्याच्या बाजारातला कृषी सेवा केंद्राचा दुकानदार एका वाक्यात उरकतो: “एकराला एक डीएपी टाका.” गंमत अशी की हे उत्तर जवळजवळ बरोबर आहे. फक्त त्यात पालाश नाही आणि जमिनीत स्फुरद आधीच भरपूर असेल तर काय, हा प्रश्नही नाही.

या दुकानदाराविषयी शहाणी माणसे तुच्छतेने बोलतात. ते अनाठायी आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५९ व्या फेरीत, २००३ साली, देशातील शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्राची माहिती कोठून मिळते हे विचारण्यात आले होते. सुमारे साठ टक्के कुटुंबांनी कोठूनच मिळत नाही असे सांगितले. ज्यांना मिळत होती त्यांनी गावातील प्रगतिशील शेतकरी, निविष्ठांचा दुकानदार आणि आकाशवाणी यांची नावे घेतली. दुकानदाराकडून माहिती घेणारे तेरा टक्के होते, तर शासकीय विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारे सहा टक्केही नव्हते. दुकान सकाळी सातला उघडते, उधारी देते आणि वाळलेले पान दाखविले की तेथल्या तेथे उत्तर देते. त्याच्या उत्तराच्या टोकाला एक बाटली असते, हे खरे. पण दुसरे कोणी उत्तरच देत नसेल, तर बाटलीसकट उत्तर पत्करण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय भावही बोलतो, आणि तो पत्रिकेपेक्षा मोठ्याने बोलतो. एप्रिल २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाची पद्धत आली, तेव्हा युरिया तिच्यातून वगळण्यात आला. परिणामी गेली काही वर्षे युरियाची ४५ किलोंची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत आणि डीएपीची ५० किलोंची गोणी १,३५० रुपयांना, असे चित्र आहे. पोटॅश त्याहूनही महाग. शासन एका हाताने संतुलित खताचे पत्रक देते आणि दुसऱ्या हाताने युरिया स्वस्त ठेवते. शेतकरी यांतले कोणते विधान खरे मानतो, हे सांगण्यास प्रबंधाची गरज नाही.

माहीत असूनही

ज्ञान आणि आचरण यांतील अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण कापसाच्या पाकिटात आहे. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी देण्यात येई. ते शेताच्या कडेने, किमान पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल त्यावर लावावयाचे होते. शास्त्र सरळ आहे. बोंडअळीला विषविरहित झाडांवर वाढू दिले की त्यांतून निघणारे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतात आणि अळीची प्रतिकारशक्ती वाढण्याचा वेग मंदावतो. बहुतेक शेतकऱ्यांनी हे बी लावले नाही. बांधावर फेकले किंवा घरात पडू दिले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील कापूस पोखरला, तेव्हा शेतकऱ्यांच्या अज्ञानाकडे बोट दाखविणारे पुष्कळ निघाले.

वस्तुतः पाकिटातले दुसरे पाकीट कशासाठी आहे हे कापूसपट्ट्यात अगदीच गुपित नव्हते. पण ज्याचे शेत तीन एकरांचे आहे, त्याने पाचवा हिस्सा अळीला सोडून द्यावयाचा, आणि तोही अशा लाभासाठी की जो चार-पाच वर्षांनी, साऱ्या तालुक्याला मिळून, आणि सर्वांनी तसेच केले तरच मिळणार! शेजाऱ्याने तसे केले नाही तर याच्या त्यागाचा कोणालाच उपयोग नाही. बिगर-बीटी बियांची प्रत चांगली नसते, त्यांचा फुलोरा मुख्य पिकाशी जुळत नाही, अशा तक्रारीही होत्या. पुढे बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आणावी लागली. म्हणजे शेतकऱ्याच्या ज्ञानात भर न घालताच प्रश्न बराचसा सुटला; बदलली ती शिफारस.

याचा अर्थ शेतकऱ्याला सारे काही कळते आणि शास्त्राने त्याच्या पायाशी बसावे, असा कोणी काढू नये. तो भाबडेपणा या विषयात अलीकडे फार बोकाळला आहे. प्रत्यक्षात जीवघेणे अज्ञान आहेच. २०१७ सालीच यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर मरण पावले. माणसाच्या उंचीइतक्या वाढलेल्या पिकात, दोन-तीन औषधे एकत्र करून, तोंडाला फडके बांधून ही माणसे फवारीत होती. डब्यावरील लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ ज्याला कळला पाहिजे तो बहुतेकदा जमिनीचा मालक नसतो. पंप पाठीवर घेणारा मजूर असतो आणि प्रबंधातल्या शंभर-सव्वाशे ‘प्रतिसादकां’च्या यादीत त्याचे नाव येत नाही, कारण यादी सातबाऱ्यावरून काढलेली असते. तीच गत स्त्रियांची. बियाणे निवडणे, साठविणे, निंदणी-खुरपणी ही कामे त्यांची; मेळाव्याचे निमंत्रण मात्र घरधन्याला.

शिकण्याची वेळ आली की शेतकरी किती लवकर शिकतो, याचेही उदाहरण जवळचेच आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी झालेल्या अवेळी पावसाने सोयाबीन भिजले आणि २०२० च्या खरिपात विकत घेतलेले बियाणे उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पूर लोटला. त्यानंतर कृषी खात्याने घरचे बियाणे राखण्याची आणि उगवण तपासून पेरण्याची मोहीम जोराने चालविली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडावयाचे, गुंडाळी करून ओलसर ठेवावयाचे आणि काही दिवसांनी मोजावयाचे. सत्तर उगवले तर नेहमीचे प्रमाण, कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवावयाचे. ही शिफारस जुनी होती. पण बियाण्याने दगा दिल्यावर ती घरोघर पोहोचली, कारण तिला खर्च नव्हता, धोका नव्हता आणि तिचे फळ त्याच हंगामात, स्वतःच्याच शेतात मिळणार होते. शिफारशीला पाय फुटण्यासाठी आणखी काय लागते?

राबाची गोष्ट

कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटपट्ट्यात भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल आहे. रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि गवत यांचे थर अंथरून उन्हाळ्यात ते पेटवितात आणि पावसाच्या आरंभी त्या भाजलेल्या मातीत भात पेरतात. एकोणिसाव्या शतकात जंगल खात्याला ही चाल म्हणजे निव्वळ नासधूस वाटे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी डहाळ्या तोडण्याच्या हक्कावरून असंतोष एवढा वाढला की मुंबई सरकारला जंगल आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा आहे. या वादात राबाने खरोखर काही होते काय, हा प्रश्न उरलाच होता.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह तो प्रयोगाने सोडविला. १९१२ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. राखेतील खतामुळेच रोप जोमदार होते असे नव्हे, माती तापण्याचाही स्वतंत्र परिणाम होतो, असे त्यांना दिसून आले. कातकऱ्याला आणि कुणब्याला हे कारण सांगता आले नसते. परिणाम मात्र त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. याच कानिटकरांनी पुढे मांजरी आणि सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केले. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही त्यांच्या पद्धतीची सूत्रे होती. कोळपणी तर शेतकरी करीतच होता.

राबाला आज लाकूडफाटा परवडत नाही आणि झाडांची छाटणीही सोसवत नाही. म्हणून गादीवाफ्यांची शिफारस योग्यच आहे. पण डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी जी चारसूत्री पद्धत मांडली, तिच्या पहिल्याच सूत्रात भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या मातीत मिसळावयास सांगितली आहे. तिच्यातील सिलिकामुळे रोप ताठ व काटक होते. बंदी घालून हाकललेली राख शास्त्राच्या दाराने अशी पुन्हा वाफ्यात आली.

या गोष्टीत मॅन-कानिटकरांनी जे केले, तेच आज थांबले आहे. शेतकरी शिफारशीपेक्षा वेगळे करतो असे दिसले की ते चूक धरून गुण कापण्याऐवजी तो तसे का करतो, याचा शोध त्यांनी घेतला.

तसा शोध घेतला तर कदाचित मातीशी संबंध नसलेली उत्तरेही हाती येतील. हेक्टरी पाच टन शेणखत घालावे ही शिफारस कोणाला माहीत नाही? पण नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, बैल गोठ्यातून गेले, २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये राज्यातील गोवंशाची संख्या घटली. मग शेण आणावयाचे कोठून? तलावातला गाळ टाकून बरड सुधारते हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु जो जमीन बटईने किंवा मक्त्याने करतो, त्याला ती पुढल्या साली मिळेलच अशी शाश्वती नसते. कुळकायद्याच्या भीतीने मालक कागदावर काही लिहून देत नाही. तोंडी करार, तोही अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया. अशा माणसाने दुसऱ्याच्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढवावा म्हणून कितीही सचित्र पत्रके छापली, तरी तो त्याच वर्षी पैसे देणारे खत टाकील आणि ते शहाणपणाचेच असेल.

राज्यातील चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीची बैठक दरवर्षी भरते. नवीन वाण, अवजारे आणि शिफारशी तीत संमत होतात. तेथे आलेल्या प्रत्येक नव्या शिफारशीसोबत एकरी खर्च, लागणारी मजुरी आणि एखादे वर्ष फसले तर होणारे नुकसान मांडण्याची सक्ती करावी. त्याच बैठकीत दहा वर्षे जुन्या शिफारशींपैकी निम्म्याही शेतकऱ्यांनी न स्वीकारलेल्या शिफारशी पुन्हा तपासणीला घ्याव्यात आणि ज्या टिकत नाहीत त्या मागे घ्याव्यात. विस्तार शिक्षणाचे विद्यार्थी दरवर्षी गावोगाव फिरतातच. त्यांच्या प्रश्नावलीत ‘माहीत आहे’ आणि ‘माहीत नाही’ असे दोन रकाने असतात. त्यांच्या शेजारी ‘माहीत आहे, पण करीत नाही, कारण’ असा तिसरा रकाना आखून त्यासाठी अर्धे पान कोरे सोडावे, आणि ते भरताना शेतमालकाबरोबर त्याचा बटईदार, फवारणीचा मजूर आणि घरातील बियाणे राखणारी बाई यांनाही विचारावे. ही पाने त्या वार्षिक बैठकीपुढे जावीत.